बालहृदयरोग, गरिबी आणि प्रायोजकत्व: खारघरच्या निमित्ताने

जन्मजात हृदयदोष दर हजार नवजात बालकांपैकी साधारणपणे आठ ते दहा बालकांमध्ये, समाजाच्या सर्व थरांत आढळतो. मात्र त्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च लाखांच्या घरात जात असल्याने रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला कर्जाशिवाय मार्ग उरत नाही. नवी मुंबईतील खारघर येथे २०१८ मध्ये सुरू झालेल्या श्री सत्य साई संजीवनी बालहृदय केंद्राचे मोल यामुळेच फार मोठे आहे. नवा रायपूर आणि पलवल येथील याच नावाच्या रुग्णालयांप्रमाणे येथेही मुलांवर संपूर्ण मोफत उपचार होतात आणि त्यांचा खर्च दाते उचलतात. सुनील गावसकर यांनी २०२० मध्ये आपल्या ७१व्या वाढदिवशी येथील ३५ मुलांच्या शस्त्रक्रियांचे प्रायोजकत्व जाहीर केले. त्यांनी क्रिकेटमध्ये भारतासाठी झळकावलेल्या एकूण शतकांइतकाच हा आकडा होता.

एखाद्या मुलाच्या पालनपोषणासाठी दरमहा रक्कम पाठवण्याची पद्धत जुनी आहे. उपचाराचे प्रायोजकत्व तिच्याहून वेगळे, कारण येथे खर्च निश्चित असतो, तो थेट रुग्णालयाकडे जातो आणि मुलाला दात्याचे मिंधे राहावे लागत नाही. गरीब मुलाचा फोटो आणि आजार जाहिरातीसाठी वापरला जाऊ नये, ही अट या व्यवहारात कसोशीने पाळली गेली पाहिजे.

तरीही पैसा हा प्रश्नाचा एकच भाग आहे. दुसरा भाग वेळेचा. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असेल, तर डावीकडील शुद्ध रक्त अधिक दाबामुळे उजवीकडे शिरते आणि पुन्हा फुप्फुसांकडे जाते. अशा बाळाला दूध ओढताना धाप लागते, घाम फुटतो, वजन वाढत नाही, न्यूमोनिया वारंवार होतो, आणि गरीब वस्तीत ही लक्षणे कुपोषणाच्या खात्यात सहज जमा होतात. उपचारांविना काही वर्षे गेली, की फुप्फुसांतील रक्तवाहिन्या जाड होऊन तेथील दाब कायमचा वाढतो. ‘आयझेनमेंगर’ नावाच्या या अवस्थेत छिद्र बुजवणेच जिवावर बेतू शकते, आणि मग कोणताही दाता काही करू शकत नाही.

म्हणून प्रायोजकत्वाची खरी सुरुवात अंगणवाडीत होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची एकदा तपासणी करणे अपेक्षित आहे. संशयित मूल पुढे तज्ज्ञाकडे पाठवले जाते. परंतु बांधकामाच्या जागा बदलत फिरणाऱ्या मजुरांची मुले या दोन्ही ठिकाणच्या पटावर नसली, तर पथक त्यांच्यापर्यंत पोहोचणार कसे?

शस्त्रक्रियेनंतरचा काळही दुर्लक्षिला जातो. आईवडिलांची बुडालेली मजुरी, शहरातील मुक्काम आणि फेरतपासणीचा प्रवास यांचा खर्च शस्त्रक्रियेच्या रकमेत दिसत नाही. ‘टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो’ या, ओठ व नखे निळी पाडणाऱ्या दोषावर बालपणी यशस्वी शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांना तरुणपणी फुप्फुसाकडील झडप बदलावी लागते, आणि त्या वयात बालकांसाठीच्या मदतीचे नियम त्यांना लागू होत नाहीत.