बर्फावरची हॉकी आणि एका देशाचा राग

हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मैदान येते. पण मंडळी, थंड मुलुखात ती बर्फावर खेळतात. पायांत पोलादी पात्यांचे बूट, चेंडूऐवजी रबराची टणक चकती आणि गोलरक्षक धरून दोन्हीकडे सहा-सहाच गडी.

1969 च्या मार्चात स्वीडनमधल्या स्टॉकहोम शहरी या खेळाची जागतिक स्पर्धा भरली. खरे तर ती चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्राग येथे व्हायची होती. पण ऑगस्ट 1968 मध्ये सोव्हिएत रशिया आणि त्याच्या साथीदारांचे रणगाडे त्या छोट्या देशात घुसले आणि यजमानपण सुटले. रणगाड्यापुढे निःशस्त्र माणूस काय करणार? बर्फावर मात्र गडी सारखेच! 21 मार्चला चेकोस्लोव्हाकियाने रशियाला 2-0 हरवले. काही खेळाडूंनी छातीवरच्या चिन्हातला तारा पट्टी लावून झाकला होता. सामना संपल्यावर हस्तांदोलनही केले नाही. 28 मार्चला पुन्हा 4-3 असा विजय!

त्या रात्री गावोगावी लाखो लोक रस्त्यांवर आले. प्रागमध्ये रशियन विमान कंपनीची कचेरी फोडली गेली. समोर दगड आधीच आणून टाकले होते, तेही सरकारी माणसांनी, असा संशय पुष्कळांनी बोलून दाखवला. निमित्त मात्र मिळाले. 17 एप्रिलला उदार धोरणाचे नेते दुबचेक यांना पायउतार व्हावे लागले, हुसाक आले. पुढची वीस वर्षे तिथल्या लोकांना मोकळेपणी बोलायची चोरी झाली.

स्पर्धेचे म्हणाल, तर रशिया, स्वीडन आणि चेकोस्लोव्हाकिया तिघांचेही गुण 16. गोलांच्या हिशेबात सुवर्णपदक रशियाला गेले, चेकोस्लोव्हाकिया तिसरा.