तैनाती फौज, लष्कर आणि पेठा : परकीय लष्करी तळ, अर्थव्यवहार व लोकमत

नारायण पेठेतील मनुष्य 'लष्करात जाऊन येतो' असे म्हणतो, तेव्हा तो सैन्यात भरती होण्यास निघालेला नसतो. नदीच्या अलीकडेच, गावाच्या पूर्वेस असलेल्या एका वस्तीत खरेदीस किंवा कामास निघालेला असतो. एका शहराच्या अर्ध्या भागाचे नाव 'पेठ' आणि उरलेल्या भागाचे नाव 'लष्कर' पडावे, ही केवळ भाषेतील गंमत नव्हे. परकीय सैन्याचा तळ एखाद्या समाजाच्या शेजारी दीर्घकाळ राहिला म्हणजे त्या समाजाच्या अर्थव्यवहारावर आणि मतांवर कोणते परिणाम होतात, याचा पुरावा या नावांत साठलेला आहे. त्या पुराव्याची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. यजमान राज्याच्या संमतीने आलेले, पण त्याच्या हुकुमाबाहेर असलेले सैन्य म्हणजे परकीय तळ. या अर्थाने पुण्याच्या इतिहासात खरा परकीय तळ १८०२ ते १८१७ या काळातच होता. १८१८ नंतर राज्यच इंग्रजांचे झाले. तळ राहिला, पण यजमान उरला नाही. हे दोन कालखंड एकत्र केल्यास विवेचनात गोंधळ होतो. मात्र पहिल्याचे परिणाम दुसऱ्यात कसे उतरले हे पाहिल्यावाचून विषयही पुरा होत नाही.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पेशवे व शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहावर त्याने सही केली. तहान्वये कंपनीचे किमान सहा हजार कवायती पायदळ व त्याच्या प्रमाणात तोफखाना पेशव्यांच्या मुलुखात कायमचा राहावयाचा होता, आणि त्याच्या खर्चासाठी वार्षिक २६ लाख रुपये उत्पन्नाचा प्रदेश पेशव्यांनी तोडून द्यावयाचा होता. मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या सैन्याच्या संरक्षणाखाली बाजीराव पुण्यास परतला.

या व्यवस्थेतील आर्थिक मर्म खर्चाच्या रकमेत नसून तिच्या स्वरूपात आहे. रोख खंडणी थकविता येते, तिच्याविषयी घासाघीस करता येते. तोडून दिलेला मुलूख परत मिळत नाही. शिवाय सैन्यावरील खर्च हा एरवी राज्यातल्या राज्यात फिरणारा पैसा असतो. सरदार, शिलेदार, पागे, त्यांचे कारकून आणि त्यांना माल पुरविणारे पेठांतील व्यापारी यांच्या हातांतून तो जातो. तोच महसूल कंपनीच्या खजिन्याकडे वळला, म्हणजे तळाच्या आसपास थोडी खरेदी वाढली तरी जुन्या साखळीतील कडी निखळू लागते.

राजकीय परिणाम याहून लवकर दिसला. १८१५ मध्ये पंढरपूर येथे गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, तेव्हा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्रिंबकजी डेंगळ्यांस स्वाधीन करण्याची मागणी केली व ती पेशव्यांस मान्य करावी लागली. मे १८१७ मध्ये तर इंग्रज सैन्याने पुण्यास वेढा घालून सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले ओलीस मागितले. ज्या फौजेचा खर्च पेशव्यांनी उचलला होता, तीच त्यांच्यावर चालून आली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, आणि त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

या फौजेस मराठीत 'तैनाती फौज' हे नाव मिळाले. 'तैनात' या शब्दात सेवेस नेमून दिलेला, हाताखालचा, हा अर्थ आहे. शब्दाने सांगितलेला संबंध व प्रत्यक्षातला संबंध नेमके उलट होते. आज मराठी वाचकाच्या मनात 'तैनाती' या शब्दाभोवती जी पराधीनतेची छटा आहे, ती शब्दाच्या मूळ अर्थातून आलेली नसून या अनुभवातून आलेली आहे. लोकमत जेथे लिहून ठेवलेले नसते, तेथे अर्थाचा असा पालट हाच त्याचा दाखला ठरतो.

१८१८ नंतर दुसरा कालखंड सुरू होतो. दरबार गेल्याने पेठांतील कापड, दागिने, शस्त्रे यांची मागणी आटली. छावणीची मागणी मोठी होती, पण ती वेगळ्या मालाची होती आणि पुरवठा करणारेही बहुतांशी वेगळे होते. सदर बाजार, मुदपाकखाने, पाव, मांस, मद्य, विलायती कापड या व्यवहारात पारशी, बोहरी, गोव्याचे ख्रिस्ती, मद्रासकडील लोक पुढे आले. १८६९ मध्ये खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला व मजुरीचे नवे क्षेत्र उघडले. 'सोजीर', 'बराक' हे शब्द मराठीत रुळले ते याच संपर्कातून. तळाने संपत्ती आणली नाही असे म्हणता येत नाही. परंतु ज्यांची गेली त्यांच्याकडे ती आली नाही.

यामुळेच लोकमतही एकसंध नव्हते. पेठांना बहुधा छावणी दूरची होती. १८९७ मध्ये प्लेगच्या निमित्ताने हे अंतर नाहीसे झाले. रँडच्या अधिकाराखाली मार्च महिन्यापासून सैनिकांकडून घरांची झडती सुरू झाली. स्वयंपाकघर व देवघर येथपर्यंत लष्कर आले. २२ जून रोजी गणेशखिंड रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. 'केसरी'तील लेखनावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन सप्टेंबरमध्ये त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी गोखले विलायतेत वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष देण्यास गेले होते. सैनिकांच्या वर्तनाविषयी तेथे केलेले आरोप सिद्ध करता न आल्याने परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली. लष्करी खर्चाविषयीचा आक्षेप आकड्यांनी मांडता येत होता; घरात शिरलेल्या शिपायाविषयीच्या तक्रारीस पुरावा देणे मात्र दुर्घट होते. लोकमत पेटले ते या दुसऱ्या कारणाने.

याच सैन्याकडे पाहण्याची दुसरी दृष्टी विसरून चालणार नाही. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे पेशव्यांच्या सैन्याशी लढलेली कंपनीची तुकडी शिरूरच्या तळावरून आली होती, आणि तीत महार शिपाई होते. गावगाड्यात ज्यांना प्रतिष्ठा नव्हती, त्यांना मुंबई इलाख्याच्या सैन्यात पगार, शिक्षण व हुद्दा मिळाला. गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिक होते, डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. पुढे महारांची भरती बंद झाली, तेव्हा ती पुन्हा खुली व्हावी म्हणून अर्ज झाले. १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढणारे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे या मागणीच्या पुरस्कर्त्यांत होते. एकाच शहरात, एकाच दशकात, एका वर्गास जे लष्कर अपमानाचे चिन्ह वाटे, त्याचाच दरवाजा बंद झाल्याचा दुसऱ्यास अपमान वाटे. यांपैकी एकास 'लोकमत' व दुसऱ्यास 'अपवाद' म्हणण्याचा अधिकार अभ्यासकास नाही.

आधुनिक उदाहरणे याच दिशेने बोट दाखवितात. ओकिनावा जपानच्या भूमीचा अवघा ०.६ टक्के भाग; पण जपानमधील केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरातील जमिनीपैकी सुमारे ७० टक्के तेथे आहे. १९७२ मध्ये बेट जपानकडे परत आले, तेव्हा प्रांताच्या उत्पन्नात तळाचा वाटा सुमारे १५ टक्के होता. पुढे तो ५-६ टक्क्यांवर आला. तरीही १९९५ मध्ये एका शाळकरी मुलीवरील अत्याचारानंतर जो क्षोभ उसळला, तो या टक्केवारीने समजत नाही. १९७८ पासून जपान या सैन्याच्या खर्चाचा वाटा उचलतो. त्यास तेथे रूढ झालेल्या नावाचा अर्थ 'सहानुभूतीचा अर्थसंकल्प' असा आहे. 'तैनाती' या शब्दाशी त्याचे नाते वेगळे सांगावयास नको. फिलिपाईन्सच्या सिनेटने सप्टेंबर १९९१ मध्ये सुबिकचा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला; समाज किती समसमान दुभंगलेला असतो, हे त्या एका मताने दाखविले.

तात्पर्य, 'तळामुळे देशाचा लाभ होतो की हानी' हा प्रश्न चुकीच्या रीतीने मांडलेला आहे. खर्च कोण देतो, मिळकत कोणास होते आणि तळाची सीमा कोणाच्या उंबरठ्यापर्यंत येते, हे तीन प्रश्न निरनिराळे विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे बहुधा निरनिराळ्या लोकांकडे बोट दाखवितात. पुण्यातील छावणी १९४७ नंतर परकीय राहिली नाही. पेठेतील बोलण्यात मात्र 'लष्कर' अजून गावाबाहेरच आहे.