एकशे सत्तर डॉलरांचे नाते

आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात मिडल्टन नावाचे एक गाव आहे. तेथील एका उद्यानात गरुडाची नऊ पिसे उभी आहेत. पण ही पिसे पोलादाची, आणि वीस-वीस फूट उंच! ती अशी वर्तुळाकार रोवली आहेत, की पाहणाऱ्यास भल्यामोठ्या वाडग्याचा भास व्हावा. अमेरिकेतल्या आदिवासींचे हे गरुडपंख आयर्लंडात आले कसे, त्याची ही हकिकत.

१८४५ साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचे पोट त्या एका पिकावर. तेच जमिनीत कुजून गेले. बंदरांतून धान्य मात्र बाहेरदेशी जातच राहिले. पुढील सात वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व रोगराईने मेली, आणि तितकीच देशोधडीला लागली.

ही वार्ता महासागर ओलांडून चॉक्टॉ लोकांच्या कानी गेली. ज्यांना आपण वर्षानुवर्षे सरसकट ‘रेड इंडियन’ म्हणत आलो, त्यांच्यापैकीच ही एक जमात. ती काही सुखात नव्हती. १८३० च्या कायद्याने तिला मिसिसिपीतील वाडवडिलांच्या भूमीतून हुसकावण्यात आले होते. कडाक्याची थंडी, पटकी आणि भूक यांनी वाटेतच हजारोंचा बळी घेतला. त्या कायद्यावर सही करणारे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन हे आयर्लंडातूनच आलेल्या आईबापांचे चिरंजीव, हा दैवाचा केवढा खेळ!

चॉक्टॉंनी तो हिशेब मांडला नाही. ओक्लाहोमातल्या नव्या मुलखात संसार उभा करून त्यांना जेमतेम चौदा-पंधरा वर्षे झाली होती. तरीही २३ मार्च १८४७ रोजी स्कलीव्हिल येथे सभा भरली आणि वर्गणी जमली. आकडा १७० डॉलर. दहा लक्षांच्या मरणापुढे ती फुलाची पाकळीच. पण देणाऱ्यांनी ती आपल्या पोटाला चिमटा घेऊन काढली होती.

आयर्लंड ते विसरले नाही. मिडल्टनच्या शिल्पाचे २०१७ साली रीतसर लोकार्पण झाले. पुढच्याच वर्षी आयर्लंडचे पंतप्रधान चॉक्टॉंच्या भेटीस ओक्लाहोमात गेले आणि त्यांच्या मुलांना आयर्लंडात शिकता यावे म्हणून शिष्यवृत्ती जाहीर करून आले. हे पंतप्रधान म्हणजे लिओ वराडकर. मालवण तालुक्यातील वराड हे त्यांच्या वडिलांचे मूळ गाव!

खरी फेड मात्र २०२० साली झाली. करोनाच्या साथीने अमेरिकेतील नव्हाहो आणि होपी या जमातींना गाठले. त्यांच्या मदतनिधीत हजारो आयरिश माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे घातले, आणि कित्येकांनी सोबत चॉक्टॉंच्या त्या जुन्या देणगीची आठवण लिहिली. देणगी चॉक्टॉंची, परतफेड दुसऱ्याच जमातींना! सावकाराच्या वहीत असा व्यवहार चुकीचा ठरेल. पण १८४७ साली तरी चॉक्टॉंनी कोठे ओळखीच्या माणसाला दिले होते?