खांदे कुठे आहेत, बघा बरं!

आमचा आवाज तुमच्या घरात पोचतो तेव्हा तुमच्यातली कुणी भाकऱ्या थापत असते, कुणी शेंगा फोडत असते. काम थांबवू नका. फक्त आत्ता तुमचे खांदे कुठे आहेत ते बघा. कानांकडे चढलेत की खाली सुटलेत? दात एकमेकांवर दाबून धरलेत का? कपाळाला आठ्या आहेत का? आणि श्वास चालू आहे, की मधेच कुठेतरी अडकवून ठेवलाय?

गटाच्या बैठकीत आम्ही हे विचारतो, तेव्हा सगळ्यांचे खांदे एकदम खाली येतात आणि हसू फुटतं. म्हणजे खांदे वर होते, पण कुणालाच पत्ता नव्हता. मग हिशेबाची वही उघडते, हप्ता कुणाचा राहिलाय ते वाचायला सुरुवात होते, आणि हळूहळू तेच खांदे पुन्हा वर चढतात. एक काकी म्हणाल्या, "माझी मान दर महिन्याला हप्त्याच्या आठवड्यातच धरते." आम्ही हसलो, पण काकी खरं तेच सांगत होत्या.

आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. पाच किलो ज्वारीची पिशवी छातीशी धरून चाला, फारसं काही वाटत नाही. तीच पिशवी हात लांब करून धरा, दोन मिनिटांत दंड भरून येतो. डोक्याचंही तसंच. ते मानेवर तोललेलं असलं की मानेला जड नाही. निवडण-टिपण करताना, शिवणयंत्रावर, मोबाइल बघताना ते पुढे झुकतं आणि मागचे स्नायू त्याला तासन् तास ओढून धरतात. आवळून राहिलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही, म्हणून तो ठणकतो. आपण चोळतो, बाम लावतो, बरं वाटतं. आणि पुन्हा तशाच बसतो.

कमरेचं थोडं वेगळं आहे. मणक्यांच्या मधे लवचीक गाद्या असतात. स्वीडनमधले डॉक्टर आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या कमरेतल्या या गादीत सुई घालून आतला दाब मोजला होता. आडवं पडल्यावर दाब सगळ्यात कमी. उभं राहिल्यावर वाढतो, पुढे वाकून बसल्यावर त्याहून जास्त, आणि कमरेत वाकून ओझं उचलताना तर फारच. दिवसभर वाकून खुरपलं आणि संध्याकाळी वाकूनच भरलेली घागर उचलली, की कंबर का बोलते ते यावरून कळेल.

पण नुसत्या कामानं एवढं दुखत नाही. आपली भाषाच बघा. काळजी असली की पोटात गोळा येतो, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, वाईट बातमी ऐकली की हातपाय गळतात. आपल्या आज्या-पणज्यांना हे कुणी डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. भीती, राग, काळजी आली की शरीर मार चुकवायला तयार होतं: खांदे वर, जबडा घट्ट, पोट आत, श्वास वरच्यावर. संकट टळलं की ते सुटायला हवं. आपलं संकट मात्र टळत नाही. पाऊस लांबतो, नवरा बोलत नाही, मुलीचं लग्न ठरत नाही. आणि शरीर महिनोन् महिने तयारीतच राहतं. म्हणून कुणी "तुझ्या मनाचे खेळ आहेत" म्हणालं तर ऐकून घेऊ नका. काळजीनं आवळलेला स्नायू खरा आवळलेला असतो आणि खराच दुखतो.

यात आणखी एक गोष्ट आहे. ती आम्हाला बोलायची आहे, कारण ती फारशी बोलली जात नाही. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिला कुणी ना कुणी सांगतं, छाती काढून चालू नको, पदर नीट घे, मान खाली घाल. मुलगी खांदे पुढे घेते, पाठीला पोक काढते. लग्नानंतर वडीलधाऱ्यांसमोर आणखी वाकते. तीस वर्षांनी मान-पाठ दुखते, तेव्हा आपण वयाला दोष देतो. वय आहेच. पण लाजेची ही सवयही त्यात आहे. घरात वाढत्या वयाची मुलगी असेल तर तिच्या खांद्यांकडे एकदा बघा.

इथे आमची एक चूक सांगतो. सुरुवातीला आम्ही सगळ्यांना "ताठ बसा" म्हणून बजावायचो. बाया लाकडासारख्या ताठ बसायच्या आणि अर्ध्या तासात पाठ धरली म्हणून तक्रार करायच्या. बरोबरच होतं. ताठ बसणं म्हणजे आणखी एक आवळणं. दिवसभर टिकवावी अशी एकच योग्य बैठक नाही. शरीराला बदल हवा असतो. उकिडवं बसा, मग एक गुडघा टेकवा, मग मांडी घाला, मग उठा. कोणतीही बैठक फार वेळ धरली की ती वाईटच.

खुरपणीत हे कसं जमवायचं? पाय सरळ ठेवून कमरेत वाकण्यापेक्षा खाली बसून खुरपलेलं बरं. गुडघे दुखत असतील तर एक गुडघा जमिनीवर टेकवा, थोड्या वेळानं दुसरा. पाथ संपली की उभं राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि पाच वेळा मागे हलकं झुका. ओळींतल्या तणाला सायकल कोळपं चालत असेल तर ते उभ्यानं चालवता येतं. चार जणींनी मिळून एक घेतलं तरी पुरतं. कापणीला दातेरी विळा वापरा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'वैभव' विळा तसाच आहे. त्याला जोर कमी लागतो, सारखी धार लावावी लागत नाही, आणि मनगट वाचतं.

हंड्याचं ओझं आपण कमी समजतो. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो, वर हंड्याचं वजन वेगळं. उचलताना हंड्याच्या अगदी जवळ या, गुडघ्यांत वाका, हंडा पोटाशी घ्या आणि श्वास सोडत उठा. उचलता उचलता कमरेत वळू नका. पाय फिरवून वळा. डोक्यावर चढवायला दुसरीचा हात घ्या, त्यात लाज कसली? आणि बाळंतपणाला दीड-दोन महिनेही झाले नसतील, तर भरला हंडा दुसऱ्या कुणी उचलावा. घरात पुरुषमाणसं असतातच की.

परकराची नाडीही बघा. ती करकचून बांधली की पोट हलत नाही, श्वास छातीतच राहतो. पट्टी रुंद करा, गाठीची जागा बदलत राहा. नाडीच्या जागी कातडी काळी पडून चिरली असेल आणि जखम भरत नसेल, तर ती डॉक्टरांना दाखवा, लपवू नका.

आता संध्याकाळचं. यासाठी दहा मिनिटं लागतात, आणि ती मिळवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे हे आम्हाला माहीत आहे. जमिनीवर सतरंजी टाकून उताणं पडा. गुडघे उभे, पाय जमिनीवर, डोक्याखाली घडी केलेली गोधडी. सातवा-आठवा महिना असेल तर उताणं न पडता डाव्या कुशीवर पडा. काही करायचं नाही. फक्त बघायचं, अंग जमिनीला कुठे कुठे टेकतं. डावा खांदा टेकतो का? उजवा? कमरेखाली पोकळी किती? मग दोन्ही मुठी घट्ट आवळा, मनात पाच म्हणा, आणि एकदम सोडा. सोडल्यावर हाताला काय वाटतं ते थोडा वेळ बघत राहा. तसेच खांदे कानांकडे ओढा, सोडा. डोळे घट्ट मिटा, सोडा. दात मात्र आवळू नका, जबडा नुसता सैल टाका. अमेरिकेतले डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली या रीतीवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की आवळलेलं काय आणि सैल काय हा फरक माणूस विसरलेला असतो. मुद्दाम आवळून सोडलं की तो पुन्हा कळायला लागतो. शेवटी श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा, दहा-बारा वेळा. उठताना कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठा.

एका बैठकीत हे करताना एक ताई रडायला लागल्या. दुखत नव्हतं, कुणी काही बोललंही नव्हतं. असं होतं कधी कधी. बऱ्याच दिवसांनी अंग सैल सोडलं की जे धरून ठेवलेलं असतं तेही सुटतं. आम्ही त्यांना समजावलं नाही, कारण विचारलं नाही. एकीनं पाणी दिलं, बाकीच्या तशाच पडून राहिल्या.

सगळं दुखणं बसण्या-उठण्यानं बरं होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. पायाला मुंग्या येऊन ताकद कमी होत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, तापाबरोबर पाठ दुखत असेल, पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तर थांबू नका. छातीत दाटून हात-जबडा दुखत असेल, घाम फुटत असेल तर १०८ ला फोन करा. बाकीच्या वेळी आधी आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

आणि कुणी कंबरदुखीवर थेट पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या बायांच्या बातम्या आल्या आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरं जाणं, पोट-कंबर दुखणं घेऊन गेलेल्या कितीतरी बाया गर्भाशय काढून परत आल्या होत्या. त्यात चाळिशीच्या आतल्याही पुष्कळ होत्या. मोळ्या उचलून दुखणारी कंबर पिशवी काढून कशी थांबेल? पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर हाडं लवकर ठिसूळ होतात ते वेगळंच.

घरात मारहाण होत असेल आणि म्हणून खांदे वर असतील, तर ते व्यायामानं खाली येणार नाहीत. त्यासाठी १८१ हा नंबर आहे. मन फार जड झालं असेल, जगू नये असं वाटत असेल, तर १४४१६ वर मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

शेवटी पाथीचं सांगायचं राहिलं. आमच्या गटातल्या मजुरीला जाणाऱ्या बाया म्हणाल्या, तुमचं सगळं पटतं, पण एकटी उभी राहिली की ती मागे पडते आणि मालक बोलतो. खरं आहे. मग त्यांनीच तोडगा काढला. पाथ संपली की पुढची लावण्याआधी सगळ्या जणी मिळून उभ्या राहतात, हात कमरेवर, पाच वेळा मागे. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. पहिल्या दिवशी मालकानं बांधावरून विचारलं, हे काय चाललंय? सगळ्यात म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "कंबर मोजतोय, आहे का गेली!" तो हसला आणि गेला. आता रोज तसंच चालतं.