चित्राची वाट : घरच्या चित्रगृहातील रिसीव्हर आणि त्याच्या जोडण्या

घरात बसून मोठ्या पडद्यावर व चहूबाजूंनी येणाऱ्या ध्वनीसह चित्रपट पाहण्याची जी व्यवस्था असते तिला ‘होम थिएटर’ म्हणतात. या व्यवस्थेच्या मध्यभागी रिसीव्हर नावाचे यंत्र असते. त्याचे मूळ काम ध्वनीचे होय. निरनिराळ्या उपकरणांकडून येणाऱ्या ध्वनीपैकी हवा तो निवडावा, त्याची शक्ती वाढवावी व तो पाच-सात स्पीकरांना वाटून द्यावा, एवढीच अपेक्षा त्याच्याकडून प्रथम होती. पुढे चित्रही त्याच्यामधूनच नेण्याची प्रथा पडली. एक बटण दाबताच ध्वनी व चित्र दोन्ही एकदम बदलावीत, ही त्यातील सोय. या सोयीपायी यंत्राच्या मागील बाजूस नाना रंगांच्या सॉकेटांची इतकी दाटी झाली की, यंत्र विकत घेणारा गृहस्थ पुष्कळदा दुकानदार सांगेल ती केबल मुकाट्याने घेतो. कोणत्या सॉकेटातून चित्र कोणत्या रूपात जाते हे समजून घेतले, तर हा खर्च बराच टळतो आणि चित्रही सुधारते.

या सॉकेटांपैकी सर्वांत जुने पिवळे. त्याच्या एकाच तारेतून संपूर्ण रंगीत चित्र जाते, आणि हाच त्याचा दोष आहे. हे असे का झाले हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेत १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाची एनटीएससी पद्धती मान्य झाली, त्या वेळी लक्षावधी घरांत कृष्णधवल संच होते. ते निरुपयोगी होऊ न देता रंगाचा संदेश त्याच जुन्या पट्ट्यात बसविणे भाग होते. अभियंत्यांनी चित्राचे दोन भाग केले : एक उजेड-अंधाराचा व दुसरा रंगाचा, आणि रंगाचा भाग एका उच्च कंप्रतेच्या लहरीवर चढवून पहिल्याच्या अंगावर बसविला. भारतात १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते ‘पाल’ पद्धतीने. वॉल्टर ब्रुख या जर्मन अभियंत्याने सिद्ध केलेल्या या पद्धतीत रंगाची लहर सेकंदास सुमारे ४४.३ लक्ष वेळा कंप पावते. पण चित्रातील बारीक तपशीलही सुमारे ५० लक्ष कंपनांपर्यंत पोचतो. म्हणजे दोन बिऱ्हाडे एकाच खोलीत राहिली. संचातील मंडल त्यांस पुन्हा वेगळे करू पाहते, परंतु ते काम पूर्णपणे कधीच साधत नाही. बातम्या सांगणाऱ्याच्या बारीक चौकड्यांच्या कोटावर मध्येच इंद्रधनुष्य खेळू लागते ते यामुळेच. तेथे तपशील हाच रंग समजला गेलेला असतो.

प्रक्षेपणाच्या बाबतीत ही तडजोड अपरिहार्य होती. नव्हे, ती अभियांत्रिकीतील काटकसरीचा एक सुंदर नमुना होती. दोन उपकरणांमधल्या हातभर तारेत मात्र तिचे काही प्रयोजन नाही. डीव्हीडीचेच उदाहरण घ्यावे. तिच्यावर उजेडाची व रंगाची माहिती मुळातच वेगवेगळी नोंदलेली असते. पिवळ्या तारेसाठी यंत्र ती एकत्र कालवते, आणि दूरचित्रवाणी संच ती पुन्हा निवडीत बसतो. तांदूळ व डाळ वेगवेगळ्या पिशव्यांत असताना त्या एका पोत्यात ओतून घरी आल्यावर निवडण्यासारखाच हा उद्योग होय.

१९८७ मध्ये एस-व्हीएचएस टेपयंत्रांबरोबर रूढ झालेली चार टोकांची एस-व्हिडिओ जोडणी हे दोन भाग स्वतंत्र तारांनी नेते. लग्नमुंजीच्या जुन्या टेपा ज्यांच्या घरी आहेत व ज्यांच्या यंत्रास हे सॉकेट आहे, त्यांनी तेच वापरावे. साध्या टेपेवर मुळात तपशील कमी असल्याने फरक थोडा दिसेल, पण त्यासाठी वेगळा खर्च नाही.

याच्यापुढची पायरी हिरवे, निळे व तांबडे अशा तीन सॉकेटांची. तिला ‘कंपोनंट’ जोडणी म्हणतात. हिरव्या तारेने हिरवा रंग जातो, हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. हिरव्या तारेतून संपूर्ण उजेड-अंधाराचे चित्र जाते. उरलेल्या दोन तारा केवळ निळ्याचा व तांबड्याचा उजेडापासूनचा फरक नेतात. निळी व तांबडी तार काढून पाहावी. पडद्यावर स्वच्छ कृष्णधवल चित्र उरते. या तारांतून १०८० ओळींचे चित्रही उत्तम जाते. येथे घरोघर होणारी एक गफलत सांगितली पाहिजे. ध्वनीच्या जोडीतही एक तांबडा प्लग असतो आणि तो चित्राच्या तांबड्या सॉकेटात तितकाच घट्ट बसतो. मग एका बाजूचा ध्वनी बंद पडतो, चित्राचे रंग विचित्र होतात, आणि दोष यंत्रास दिला जातो.

अशी चांगली जोडणी मागे पडली ती तांत्रिक उणिवेमुळे नव्हे. ब्लू-रे तबकड्यांच्या नक्कलरक्षणाच्या नियमांनुसार २०१० नंतर तयार झालेल्या यंत्रांना या तबकड्यांचे उच्च प्रतीचे चित्र अशा तारांतून देण्यास मनाई झाली, आणि २०१३ नंतरच्या यंत्रांत तर ती वाटच बंद झाली.

त्यानंतर राहिली ती एचडीएमआय. हिचे पहिले विनिर्देश डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकोणीस टोकांच्या या जोडणीत चित्र अंकांच्या रूपाने जाते व ध्वनीही त्याच तारेतून जातो. तो कोठून जातो हे पाहण्यासारखे आहे. काचेच्या चित्रनळीच्या काळात, प्रत्येक ओळ संपल्यावर इलेक्ट्रॉनांच्या झोतास परत फिरण्यासाठी थोडा वेळ मोकळा सोडावा लागे. चित्रनळी गेली, पण हा रिकामा अवकाश अंकीय चित्रातही राहिला, आणि एचडीएमआयचा ध्वनी याच फटींमधून प्रवास करतो. परिणाम असा की, रिसीव्हरला ध्वनी हवा असेल तर सबंध चित्र हाती घ्यावे लागते. पूर्वी ध्वनी वेगळ्या तारांनी येई, म्हणून जुना रिसीव्हर नव्या चित्राच्या आड येत नसे. आता तो वाटेतच उभा असतो. त्याला जे झेपत नाही ते पडद्यापर्यंत पोचत नाही.

त्याला किती झेपावे लागते, याचा हिशेब सोपा आहे. ‘४के’ चित्रात ३,८४० गुणिले २,१६० ठिपके असतात; रिकाम्या जागा धरून एका चित्रास ९९ लक्ष स्थाने लागतात. सेकंदास ६० चित्रे म्हणजे ५९.४ कोटी स्थाने. प्रत्येक स्थानास तीन वाहिन्यांवर दहा-दहा बिट, म्हणजे सेकंदास १,७८२ कोटी बिट. २००९ च्या १.४ आवृत्तीची मर्यादा १,०२० कोटी होती, तर २०१३ च्या २.० आवृत्तीची १,८०० कोटी झाली. परंतु चित्रपटाची चित्रे सेकंदास २४ असतात. त्यांना ८९१ कोटी पुरतात, आणि तेवढे जुन्या आवृत्तीसही जमते. सेकंदास १२० चित्रांचे खेळ खेळणाऱ्या मुलांसाठी २०१७ ची ४,८०० कोटींची २.१ आवृत्ती अर्थपूर्ण आहे. केवळ चित्रपट पाहणाऱ्या कुटुंबाने तिच्या नावावर अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. शिवाय आवृत्तीचा आकडा ही क्षमतेची हमी नव्हे. २०२० साली विक्रीस आलेल्या काही रिसीव्हरांवर २.१ असे छापलेले असूनही खेळाच्या एका नव्या यंत्राचे जलद चित्र त्यांतून जाईना. चिपमध्येच दोष निघाला.

मग गती पुरेशी असूनही ४के चित्र अडते, ते बहुधा दुसऱ्या कारणाने. उगमयंत्र, रिसीव्हर व पडदा यांनी चित्र देण्यापूर्वी एकमेकांची ओळख पटवावयाची असते. या सांकेतिक भाषेस एचडीसीपी म्हणतात. ४के चित्रासाठी सामान्यतः तिची २.२ ही आवृत्ती लागते. मध्यल्या रिसीव्हरला ती बोलता आली नाही, तर चित्र कमी प्रतीचे होते किंवा पडदा काळा राहतो.

अशा वेळी रिसीव्हर टाकून देण्याचा सल्ला मिळतो. तो मानण्यापूर्वी चित्राची वाट बदलून पाहावी. उगमयंत्र थेट दूरचित्रवाणी संचास जोडावे, आणि ध्वनी संचाकडून रिसीव्हरकडे उलट आणावा. १.४ आवृत्तीपासून एकाच तारेत यासाठी ‘एआरसी’ नावाची परतवाट ठेवलेली आहे. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रपटांचा ध्वनी तिच्यातून सहसा व्यवस्थित येतो. तबकडीवरील संकोच न केलेला बहुवाहिनी ध्वनी मात्र २.१ बरोबर आलेल्या ‘ईएआरसी’लाच पेलतो. कित्येक ४के ब्लू-रे यंत्रांना दोन एचडीएमआय सॉकेटे असतात. त्यांपैकी एक चित्रासाठी संचास व दुसरे केवळ ध्वनीसाठी रिसीव्हरला जोडले की काम भागते.

पिवळ्या तारेचा संसार अद्याप संपलेला नाही. डीडी फ्री डिशचे साधे सेट-टॉप बॉक्स आजही पुष्कळ घरांत याच तारेवर चालतात. रिसीव्हर पिवळ्या सॉकेटातले चित्र एचडीएमआयमध्ये रूपांतरित करतो की नाही, हे खरेदीपूर्वी पुस्तिकेत पाहावे. करीत नसल्यास पिवळी तार थेट संचासच न्यावी. करीत असल्यास दोन्ही रीतींनी चित्र पाहून चांगली ती ठेवावी.

महागड्या केबलविषयी एवढेच की, अंकीय चित्र केबलीने फिके किंवा गडद होत नाही. बिट पोचले तर चित्र जसेच्या तसे येते. न पोचल्यास चमकणारे ठिपके दिसतात किंवा चित्र क्षणभर नाहीसे होते. दीड-दोन मीटर अंतरास प्रमाणित साधी केबल पुरते. दहा-पंधरा मीटरवरील प्रक्षेपकासाठी प्रकाशतंतूची केबल घ्यावी. पण तिची दोन टोके सारखी नसतात. एक उगमाकडचे व दुसरे पडद्याकडचे अशी खूण त्यांवर असते. भिंतीत नळी पुरून गिलावा करण्यापूर्वी ती खूण वाचावी, केबल एकदा जमिनीवर पसरून चालवून पाहावी, आणि नळी प्लगचे डोके सहज जाईल एवढी रुंद घ्यावी.