सांकेतिक भाषेची उकल

सांकेतिक भाषेच्या प्रश्नात एक शब्द आणि त्याचे संकेतरूप दिलेले असते. दोहोंमधला नियम शोधून तो दुसऱ्या शब्दाला लावायचा असतो. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीपासून पोलीस भरतीपर्यंत असे प्रश्न विचारले जातात.

इंग्रजी अक्षरांचे क्रमांक पाठ असले की निम्मे काम झाले. त्यासाठी ई, जे, ओ, टी, वाय म्हणजे ५, १०, १५, २०, २५ एवढ्या खुणा पुरतात. ‘कल्याण’ची इंग्रजी अक्षरे के-ए-एल-वाय-ए-एन, प्रत्येक अक्षर एकाने पुढे सरकवले की एल-बी-एम-झेड-बी-ओ. रोमचा सीझर तीन घरे सरकवून संदेश लिहीत असे. उलट क्रमात एची जोडी झेडशी, बीची वायशी लागते आणि प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज २७ येते, म्हणून टी-एच-ए-एन-ई, म्हणजे ‘ठाणे’, जी-एस-झेड-एम-व्ही होते.

वाक्यांचे प्रश्न खरे रंगतदार. ‘कल्याण मोठे स्थानक’ म्हणजे ‘पा टी ना’, ‘ठाणे मोठे शहर’ म्हणजे ‘ना रे सो’ आणि ‘जुने कल्याण शहर’ म्हणजे ‘सो टी मा’ असे मानू. पहिल्या दोन वाक्यांत ‘मोठे’ समान, संकेतांत ‘ना’ समान. याच रीतीने ‘कल्याण’ म्हणजे ‘टी’, ‘शहर’ म्हणजे ‘सो’. उरलेले आपोआप सुटते: स्थानक ‘पा’, ठाणे ‘रे’, जुने ‘मा’. संकेतांचा क्रम शब्दांच्या क्रमाशी जुळेलच असे नाही, आणि बहुतेक उत्तरे इथेच चुकतात.

पहिल्या अक्षरावर नियम जुळला म्हणून थांबू नये. शेवटच्या अक्षरापर्यंत तो पडताळावा.