सर्व्हरचें घड्याळ बरोबर कसें राहतें?



भारताची प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखांशाची आहे. आपलें भंडारा त्याच्या पश्चिमेस, सुमारें ७९⅔ अंशांवर वसलेलें. एका अंशास चार मिनिटें हा भूगोलांतील हिशेब लावला, म्हणजे भंडाऱ्यास सूर्य माथ्यावर येतो तेव्हां घड्याळांत वर्षाच्या सरासरीनें बारा वाजून अकरा-साडेअकरा मिनिटें झालेलीं असतात. तरीहि आपण आपल्या सूर्याचा हट्ट धरीत नाहीं. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावर गाडी गांठावयाची, तर नागपूर, गोंदिया व हावडा येथील घड्याळें आपल्या घड्याळाशीं जुळलीं पाहिजेत. याच सोयीसाठीं १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ अमलांत आली. मुंबई शहरानें मात्र त्यापेक्षां एकोणचाळीस मिनिटें मागें असलेली स्वतःची वेळ पुढें कित्येक वर्षें चालविली. तात्पर्य, घड्याळांतील वेळ ही सर्वांनीं मिळून ठरविलेली गोष्ट आहे, आणि सर्वांनीं ती सारखी पाळली तरच तिचा उपयोग.

आज हाच प्रश्न संगणकांच्या बाबतींत उभा आहे. बँक, रुग्णालय, महाविद्यालय अशा ठिकाणीं जो संगणक इतर अनेक संगणकांना माहिती पुरवितो, त्यास सर्व्हर म्हणतात. आपल्याकडे आलेलें प्रत्येक काम तो वेळेसह नोंदवून ठेवितो. समजा, तुमसरच्या एका ठेवीदाराच्या खात्यांतून कोणी लबाडीनें रक्कम काढली. तपास करणारा अधिकारी त्याच्या बँकेची, मोबाइल कंपनीची आणि रक्कम जेथें गेली त्या बँकेची, अशा तीन नोंदी ताडून पाहणार. त्यांतील एक घड्याळ चार मिनिटें मागें असेल, तर खातेदारास गुप्त अंक पाठविण्यापूर्वींच पैसे गेले असें कागदावर दिसेल. अशा वेळीं निरपराध माणसावर संशय यावयाचा आणि लबाडास वाट मिळावयाची. घड्याळ चुकलें म्हणजे साक्षीदारच चुकला.

आतां घड्याळ चुकतें कां? संगणकाच्या पोटांत गारेचा एक लहानसा स्फटिक ठराविक वेगानें कंप पावत असतो, व त्या कंपांची मोजदाद म्हणजेच त्याची वेळ. परंतु स्फटिकाचा वेग उष्णतेनें व वयानें किंचित् बदलतो. आपल्याकडील वैशाखांत वीज गेली व खोली तापली कीं हा फरक वाढतो. दहा लाख सेकंदांत वीस सेकंद एवढीच चूक धरली, तरी ती दिवसास पावणेदोन सेकंद आणि महिन्यास सुमारें बावन्न सेकंद होते. म्हणून घड्याळ एकदां लावून भागत नाहीं. तें वारंवार ताडून पाहावें लागतें.

हें ताडण्याची रीत पुढें अमेरिकेंतील डेलावेअर विद्यापीठांत प्राध्यापक झालेले डेव्हिड मिल्स यांनीं बसविली व १९८५ सालीं ती प्रसिद्ध झाली. तिचें नांव नेटवर्क टाइम प्रोटोकॉल. दूरच्या संगणकास वेळ विचारली, तर उत्तर वाटेंत असतांनाच शिळें होतें. ही अडचण त्यांनीं साध्या गणितानें सोडविली. एक उदाहरण घेऊं. आपल्या सर्व्हरनें त्याच्या घड्याळांत शून्य असतांना प्रश्न पाठविला. वेळ सांगणाऱ्या संगणकास तो त्याच्या घड्याळानें २५० सहस्रांश सेकंदांवर मिळाला व त्यानें २६० वर उत्तर धाडलें. तें आपल्याकडे आलें तेव्हां आपल्या घड्याळांत ११० झाले होते. एकूण ११० पैकीं १० उत्तर तयार करण्यांत गेले. म्हणून जाण्यायेण्याचा प्रवास १०० चा, व एका बाजूचा ५० चा. उत्तर २६० वर निघालें व वाटेंत ५० लागले, म्हणजे तें पोंचलें तेव्हां खरी वेळ ३१० होती. आपलें घड्याळ ११० दाखवितें; तेव्हां तें २०० सहस्रांश, म्हणजे एकपंचमांश सेकंद मागें आहे. जाण्याची व येण्याची वाट सारखीच वेळ घेते हें यांत गृहीत आहे. ती तशी नसेल, तर दोहोंतील फरकाच्या निम्मी चूक राहते.

वेळ सांगणाराच चुकीचा असला तर? म्हणून एकावर विसंबूं नये. दोघांनीं निरनिराळी वेळ सांगितल्यास खरा कोण हें कळत नाहीं; निदान चौघांना विचारलें, तर एकजण बहकला तरी उरलेले त्यास उघडा पाडतात.

चूक सांपडल्यावर कांटा एकदम मागें ओढणेंहि बरें नव्हे. तसें केल्यास नंतरची नोंद आधींची ठरेल. म्हणून थोडी चूक असेल तर घड्याळाची चाल किंचित् मंद किंवा जलद करितात. ही सुधारणा दर सेकंदास फार तर अर्धा सहस्रांश इतकीच करण्याची रूढ मर्यादा आहे. त्या गतीनें एका सेकंदाची चूक भरून काढण्यास सुमारें तेहेतीस मिनिटें लागतात. शिवाय आपला स्फटिक रोज किती सरकतो हेंहि सर्व्हर टिपून ठेवितो. त्यामुळें पावसाळ्यांत तार तुटून जाळें बंद पडलें, तरी त्या नोंदीच्या आधारें तो कांहीं काळ वेळ सांभाळूं शकतो.

या साऱ्या घड्याळांचें मूळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत आहे. तेथें भारतीय प्रमाणवेळ अणुघड्याळांवर राखली जाते. सीझियम अणूशीं निगडित अशीं ९,१९,२६,३१,७७० आंदोलनें म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७ पासून जगानें मानली आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं आदेश काढून सरकारी कचेऱ्या, कंपन्या व माहिती-केंद्रें यांनीं आपलीं घड्याळें या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या सर्व्हरशीं, अथवा त्यांच्याशीं दुवा जुळणाऱ्या सर्व्हरशीं जुळवावींत असें बजाविलें.

लहान संस्थेनेंहि एक सर्व्हर असा जोडावा व बाकीच्या संगणकांनीं त्याजकडून वेळ घ्यावी. वेळेच्या संदेशांसाठीं १२३ क्रमांकाचें द्वार असतें. सुरक्षेच्या नांवाखालीं तेंच बंद ठेविलें गेलें नाहीं ना, हें पाहावें. आपण ज्या पतसंस्थेचे सभासद किंवा ज्या शाळेचे पालक असाल, तेथें दोनच प्रश्न विचारावे: आपल्या सर्व्हरला वेळ कोण सांगतो, आणि ती जुळते कीं नाहीं हें शेवटीं कोणी व केव्हां पाहिलें? पहिल्याचें उत्तर पुष्कळ ठिकाणीं मिळेल. दुसऱ्याचें मिळेपर्यंत मात्र आपण स्वस्थ बसूं नये, इतकी विनंती करून मी आपली रजा घेतों.